सत्तावीस रुपये जास्त

आमचे आप्पा एका आडत दुकानात दिवाणजी होते. बाजाराच्या दिवशी रोजकीर्द जुळल्याशिवाय ते जेवत नसत. मी सहावीत असताना एका रात्री त्यांचा डबा घेऊन दुकानात गेले, तर ते अजून वहीवर वाकलेले. गल्ल्यात सत्तावीस रुपये जास्त भरत होते.

शेठजी म्हणाले, "जास्तच आहेत ना दिवाणजी? मग जेवून घ्या, उद्या बघू."

आप्पांनी मान वर केली नाही. "जास्त म्हणजे कुणाचं तरी कमी," एवढंच म्हणाले.

मग मला शेजारी बसवून विचारलं, "सत्तावीसला नवानं भाग जातो का?"

"जातो. तीन वेळा."

"मग कुठेतरी शेजारशेजारचे दोन आकडे उलटे पडले असतील. त्या दोघांत तीनचा फरक असणार. ४१ चे १४, ५२ चे २५, ८५ चे ५८. अशी जोडी शोध."

मी बोट फिरवत गेले आणि एका ओळीवर थांबले. कांद्याच्या पट्टीचे राहिलेले ३८५ रुपये एका शेतकऱ्याला दिल्याची नोंद होती. रोख मोजायला दिलेल्या चिठ्ठीवर मात्र ३५८ होते. पुढच्या बाजारी तो शेतकरी आला तेव्हा आप्पांनी सत्तावीस रुपये त्याच्या हातावर ठेवले. त्या बिचाऱ्याला आपले पैसे कमी आलेत हे माहीतही नव्हतं.

यामागचं कारण मला पुढे शाळेत उमगलं. दशकातला आकडा एककात गेला की तो दहापट राहत नाही, एकपट होतो. प्रत्येक आकड्यामागे नऊचा फरक पडतो, म्हणून उलटापालटीची चूक नेहमी नवाच्या पटीत निघते. आप्पांनी गुणाकाराचा नवांनी ताळा घ्यायलाही शिकवलं होतं. त्याची मर्यादाही त्यांनीच सांगितली. आकडे उलटे पडले तरी त्यांची बेरीज तीच राहते, म्हणून ताळा जुळतो. ताळा चुकला तर हिशेब नक्की चुकला, पण ताळा जुळला म्हणजे हिशेब बरोबरच असं नाही.

आता पुण्यात राहते. दुकान नाही, रोजकीर्द नाही, पण आकडा समोर आला की ताळा पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. एका पावसाळ्यात आमच्या भागातल्या नदीकाठच्या लोकांमध्ये निरोप फिरला: धरणातून २५,००० क्युसेक पाणी सोडलंय, म्हणजे दिवसात २५ टीएमसी पाणी येणार. लोक घाबरून सामान बांधू लागले. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. गुणाकार केला तर दिवसाचे सव्वादोन टीएमसीसुद्धा भरत नव्हते. खडकवासला साखळीतल्या चारही धरणांची मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी आहे. २५ टीएमसी म्हणजे ती जवळजवळ सगळी एका दिवसात रिकामी करण्यासारखं. २५,००० क्युसेक हा विसर्ग लहान नव्हे, काठावर सावध राहायलाच हवं होतं. पण सावध राहायला खरा आकडा लागतो. मी गुणाकार मांडून सगळ्यांना पाठवला.

दुसरा प्रसंग आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा. मुलाच्या दुचाकीसाठी त्या ९०,००० रुपयांचं कर्ज घेणार होत्या. "दहाच टक्के व्याज आहे ताई. तीन वर्षं, महिन्याला ३,२५० हप्ता." कागद बघितला. ९०,००० चे दहा टक्के ९,००० , तीन वर्षांचे २७,००० , एकूण १,१७,००० , भागिले छत्तीस. बेरीज, भागाकार सगळं बरोबर. पण मावशी दर महिन्याला मुद्दलही फेडणार होत्या. शेवटच्या वर्षी त्यांच्याकडे ९०,००० उरणारच नव्हते, तरी व्याज पूर्ण ९०,००० वरच लावलं होतं. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर तो दर अठराच्या घरात जातो. खरोखर दहा टक्के असते तर हप्ता २,९०० च्या आसपास आला असता आणि व्याज साडेचौदा हजारांच्या जवळपास.

मावशींनी विचारलं, "म्हणजे कर्ज देणाऱ्यानं खोटं सांगितलं?" मी म्हटलं, "टक्के सांगितले, कशावरचे ते सांगितलं नाही. उद्या एवढंच विचारा, घटत्या शिलकीवर दर किती?" त्या दिवशी त्यांनी सही केली नाही.

आणि गेल्या वर्षीची आमच्या सोसायटीची सभा. रोख शिल्लक वहीपेक्षा ५,४०० रुपयांनी कमी होती. खजिनदार काका सत्तरी ओलांडलेले, बारा वर्षं विनामोबदला हिशेब लिहिणारे. कुणी उघड आरोप केला नाही. पण "रोख तुमच्याकडेच असते ना?" असं एकानं विचारलं आणि सभागृह गप्प झालं. काका म्हणाले, "मी भरून टाकतो." मला आप्पा आठवले. भरून टाकले असते तर पैसे जुळले असते, चूक वहीत राहिली असती आणि संशय काकांच्या नावावर कायमचा राहिला असता.

मी एक रात्र मागून घेतली. ५,४०० ला नवानं भाग जातो. शेवटची दोन शून्यं पाहता उलटापालट हजार आणि शतकात असावी. तिथे एका आकड्यामागे ९०० चा फरक पडतो. ५,४०० भागिले ९०० म्हणजे सहा. मग मी फक्त अशी व्हाउचरं काढली, ज्यांत हजार आणि शतकाच्या आकड्यांत सहाचा फरक होता. अकरावं व्हाउचर पाण्याच्या पंपाच्या दुरुस्तीचं निघालं. पावती ८,२०० ची, वहीत २,८०० . पैसे गेले होते ते पंपवाल्याकडे, पावती देऊन.

सकाळी वही घेऊन काकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून दोन्ही आकडे पाहिले, पुन्हा पाहिले. मग २,८०० वर एकच रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि त्याच्या वर ८,२०० लिहून सही केली, तारीख घातली. आप्पाही असंच करत. चूक कधी खोडायचे नाहीत.

पेन खाली ठेवून काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आतल्या खोलीकडे पाहून त्यांनी काकूंना हाक मारली, "अगं, जुळलं."