तीन शाखा, एक फलाट

कला, वाणिज्य आणि विज्ञान या शाखांची माणसे ब्रह्मदेवाने तीन निरनिराळ्या मातींतून घडविली असावीत, असा आपल्याकडे समज आहे. विज्ञानवाला हुशार पण रुक्ष, वाणिज्यवाला व्यवहारी, आणि कलाशाखेचा बिचारा हळवा! ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत घरोघरी दहावीचा निकाल लागला की ही वाटणी होऊन जाते.

२०२०च्या शैक्षणिक धोरणामुळे हल्ली आमच्या मराठीच्या तासाला तिन्ही शाखांची मुले एकत्र बसतात. त्यांना मी ‘डोंबिवलीचा फलाट’ हा विषय लिहायला दिला. विज्ञानाच्या मुलाने एका चौरस मीटरात किती माणसे मावतात याचा अंदाज बांधला. कलाशाखेच्या मुलीला दाराशी लोंबकळणारा एकच चेहरा दिसला. इथवर सारे अपेक्षेप्रमाणे! वाणिज्याच्या मुलाने मात्र नुसता गुणाकार मांडला होता. वडिलांचा प्रवास रोज ३ तास, वर्षाचे ३०० दिवस, नोकरीची ३० वर्षे. एकूण २७,००० तास. खाली दोन ओळी होत्या : ‘अहोरात्र मोजले तर बाबांच्या आयुष्याची ३ वर्षे गाडीत गेली. लहानपणी ते मला रविवारीच दिसायचे.’

तो कागद वाचून दाखविला, तेव्हा वर्ग गप्प झाला. हळवेपणाची मक्तेदारी कुणाकडे आहे, हे मग कुणी विचारले नाही.

शाखा मन देत नाही. ती प्रश्नाची सवय लावते. एक ‘किती?’ विचारते, दुसरी ‘कितीला?’, तिसरी ‘कोण?’ सवयीचा हा फरक खराच आहे. १९५९ साली केंब्रिजच्या व्याख्यानात सी. पी. स्नो यांनी वैज्ञानिक आणि साहित्यिक यांच्यातल्या दरीची खंत केली, ती उगीच नव्हे. पण त्याच काळात डेक्कन क्वीनमधून, आपल्या कल्याण-ठाण्यावरूनच, एक गणिती पुण्याहून मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जात असे. त्यांचे नाव दामोदर कोसंबी. प्राचीन नाणी तराजूत तोलून त्यांनी इतिहास वाचला, आणि १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही सिद्ध केली. त्यांना कोणत्या शाखेत बसवायचे?

मला भय वाटते ते फरकाचे नाही, उतरंडीचे. ‘सर, मी नुसती आर्ट्‌सला आहे,’ असे एखादी मुलगी मान खाली घालून सांगते, तेव्हा ते ‘नुसती’ मनाला लागते. दहावीच्या टक्क्यांवरून मुलांची शाखा ठरवायची तर ठरवा. स्वभाव मात्र ठरवू नका!