कोपी, तंबू आणि प्रवासवर्णनाचा प्रश्न

प्रवासवर्णन हा साहित्यप्रकार मी वीसहून अधिक वर्षे पदव्युत्तर वर्गांना शिकवला. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पासून प्रारंभ करायचा, अनंत काणेकर, गंगाधर गाडगीळ आणि पु. ल. देशपांडे यांच्यापाशी काही काळ विसावायचे आणि मीना प्रभूंच्या ‘ग्रीकांजली’पर्यंत येऊन थांबायचे, असा तो ठरलेला मार्ग होता. स्थलवर्णन, माहिती आणि लालित्य यांचा मेळ, लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार, परक्या संस्कृतीकडे पाहण्याची दृष्टी हे त्याचे निकषही ठरलेले होते. त्यांच्याविषयी मला कधी शंका आली नाही. ती आली २०१८च्या डिसेंबरात, तारकर्लीच्या किनाऱ्यावर, आणि ती एखाद्या ग्रंथामुळे नव्हे, तर माझ्या आईच्या एका वाक्यामुळे आली.

भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने, या बेटावरून त्या बेटावर गाडीने हिंडणारी आणि रात्री तंबूत राहणारी कुटुंबे माझ्या मुलीने चित्रफितींत पाहिली होती. तसे आपणही करावे असा तिचा हट्ट. आमच्या आवाक्यातला समुद्र कोकणातला. दोन तंबू, स्टोव्ह, शिधा आणि पाच माणसे घेऊन आम्ही धारूरहून निघालो. आई तेव्हा बहात्तर वर्षांची होती आणि तिने समुद्र पाहिलेला नव्हता. केज, कळंब, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला, मिरज आणि पुढे कोल्हापूरहून आंबा घाट उतरून रत्नागिरी, असा रस्ता मी नकाशावरून निवडला होता. मिरजेपर्यंतचा हा रस्ता आईचा आहे, हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते.

१९७२च्या दुष्काळानंतर आईवडील प्रतिवर्षी ऊसतोडीला जाऊ लागले. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यायची, बैलगाडीत बिऱ्हाड घालायचे आणि दहा-बारा दिवस चालत कारखान्याचा तळ गाठायचा. नवराबायको मिळून एक कोयता. कारखान्याने दिलेल्या चटया आणि बांबू यांची तळावर कोपी उभी राही आणि तीच पुढील पाच-सहा महिन्यांचे घर होई. पहाटे फडात तोड, मग मोळ्या बांधणे, गाडी भरणे आणि कारखान्यावर रिकामी करण्यासाठी रांगेत तिष्ठणे. वाढे विकून मिळे तो वरखर्च. कारखान्याचा पट्टा पडला की परत. वयाच्या नवव्या वर्षापर्यंत मीही त्या गाडीत होतो. त्यानंतर शाळेसाठी आजीपाशी धारूरला राहिलो आणि माझ्यापुरता तो रस्ता मिटला.

बार्शीपर्यंत आई गप्प होती. कुर्डुवाडी मागे पडली आणि ती बोलू लागली. अमुक चिंचेखाली रात्री बैल बसला होता. तमक्या विहिरीवर घागर भरू दिली नव्हती. पलीकडच्या वस्तीवरील एका म्हातारीने न मागता ताकाचे मडके आणून ठेवले होते. झाडे तुटली होती, विहिरी बुजल्या होत्या, रस्ता चौपदरी झाला होता. तरीही तिची ठिकाणे तिला अचूक सापडत होती. उसाने भरलेले ट्रॅक्टर आणि मधूनच एखादी बैलगाडी समोरून येई. आई गाडीकडे न पाहता आधी बैलांच्या खांद्याकडे पाही.

रत्नागिरीहून पूर्णगड, जैतापूर, देवगड असे करीत आम्ही मालवणला पोहोचलो. सिंधुदुर्गावर होडीने गेलो. चहूकडे खारे पाणी आणि किल्ल्यात मात्र दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! मी मुलांना १६६४ सालापासून तीन वर्षे चाललेल्या बांधकामाची माहिती देत होतो. आई साखरबावेत वाकून पाहत होती. “ह्या पाण्यावर कोण कोणाला येऊ देत होतं?” तिने विचारले. माझ्या माहितीत त्याचे उत्तर नव्हते.

सायंकाळी तारकर्लीला मुले तंबू उभारीत होती. आई थोडा वेळ पाहत राहिली आणि मग उठली. तंबूचे तोंड तिने वाऱ्याच्या पाठीला करवून घेतले, खुंट्या तिरप्या ठोकायला लावल्या, भोवती हाताने चर ओढला. तंबू ताठ उभा राहिल्यावर मला म्हणाली, “कोपी हाय की ही. मंग इथं तोडायचं काय?”

मुले हसली. मला हसता आले नाही. आम्ही अमूल्य सुट्टी खर्चून जे विकत घेतले होते, ते रस्ता, उघड्यावरची चूल आणि कापडाचे घर, तिने वीसएक वर्षे जगलेले होते. दोहोंत फरक केवळ ‘तोडायचं काय’ या प्रश्नाचा होता. आणि त्या एका प्रश्नावर मराठी समीक्षेने दोन साहित्यप्रकार उभे केले आहेत, हे मला त्या रात्री जाणवले.

‘उपरा’ १९८० साली प्रसिद्ध झाले. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड घालून गावोगाव हिंडणाऱ्या कुटुंबाची ती कहाणी आहे. त्यात रस्ता आहे, मुक्काम आहेत, परकी गावे आहेत. तरीही ते प्रवासवर्णनाच्या तासाला आपण काढत नाही. त्याचे स्थान आत्मकथनाच्या कप्प्यात. मीही तेच केले. सवडीने केला तो प्रवास, पोटासाठी केले ते स्थलांतर, असा यामागील अलिखित नियम आहे. परंतु हा नियम या साहित्यप्रकाराच्या आरंभालाच लागू पडत नाही. गोडसे भटजी १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघाले ते देशदर्शनासाठी नव्हे. घरचे कर्ज होते आणि उत्तरेतील यज्ञात दक्षिणा मिळण्याची आशा होती. १८८३ साली लिहिलेल्या आणि १९०७ साली छापलेल्या त्यांच्या पुस्तकास आपण निःशंकपणे ‘प्रवास’ म्हणतो. म्हणजे कर्ज प्रवासाच्या आड येत नाही. आड येते ते लिहिता न येणे.

त्याहून मागे गेले तर महानुभावांची ‘स्थानपोथी’ आहे. श्रीचक्रधरांचा संचार तेथे दृश्यांतून नव्हे, तर ठिकाणांतून नोंदला गेला आहे. पुष्कळ दिवस राहिले ते अवस्थान, रात्र काढली ते वसतिस्थान, क्षणभर बसले ते आसन. श्रद्धेचा भाग वेगळा. पण रस्ता लक्षात ठेवण्याची ही मुक्कामवार रीत आईच्या बोलण्याशी विलक्षण जुळते. तिच्या कथनात निसर्ग जवळजवळ नाही; पाणी, सावली, चारा आणि माणसाचा होकार-नकार आहे. लालित्याचा निकष लावला तर तिच्या कथनात काहीच हाती लागणार नाही. ‘स्थानपोथी’चा निकष लावला तर ती एक भरगच्च संहिता आहे.

येथे एका धोक्याची नोंद करणे आवश्यक आहे. ऊसतोडीला प्रवास म्हणण्याने उचलीचे जोखड हलके होत नाही, आणि कोपीला तंबूची शोभा देणे हा तर शुद्ध अपराध ठरेल. बीड जिल्ह्यातून आजही दरवर्षी लाखो माणसे जातात. बैलगाड्यांबरोबर ट्रक आणि ट्रॅक्टर आले, मोबाइल आला, मात्र उचल तशीच आहे. आमच्या भागात या जाण्याला ‘प्रवास’ही म्हणत नाहीत आणि ‘स्थलांतर’ही नाही, ‘कारखान्याला गेलो’ एवढेच म्हणतात. रस्त्याला या भाषेत नावच नाही. म्हणूनच तो नोंदला जाणे मला आवश्यक वाटते: गौरवासाठी नव्हे, साक्षीसाठी.

परतल्यावर मी वही घेऊन आईपाशी बसलो. धारूर ते कारखान्याचा तळ, असे अकरा मुक्काम तिने क्रमाने सांगितले. वहीत एकेका मुक्कामाला दोन-दोन पाने लागली. “ह्याचं काय करणार?” तिने विचारले. “शिकवीन,” मी म्हणालो. “मंग पाणी ज्यानं दिलं त्याचं आधी लिही,” ती म्हणाली. “न्हाई म्हणणारे लई हायेत, ते मागून लिही.”

मग मी परतीचे मुक्काम विचारले. प्रवासवर्णनाची पूर्तता परतीत होते, घराच्या उंबरठ्यावर प्रवाशाला आपले बदललेले रूप कळते, असे मी वर्गात सांगत आलो होतो. आई बराच वेळ आठवत राहिली. तोच रस्ता, तीच झाडे, त्याच विहिरी. तिला एकही मुक्काम आठवेना. “येताना कुठलं आलंय ध्यान,” ती म्हणाली. “उचल फिटली का न्हाई, त्याचाच हिशेब चालायचा डोक्यात. न्हाई फिटली तर पुढल्या साली पुन्हा तिथंच.”

वहीची पुढची पाने मी कोरीच ठेवली आहेत. प्रवासवर्णनाचा तास घेताना मी ती वही विद्यार्थ्यांच्या हाती देतो आणि कोऱ्या पानांपाशी थांबायला सांगतो.