उजवीकडून सुरू होणारे चित्र

उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही कागदाचे कोलाज शिकवतो, तेव्हा कात्री सर्वांत शेवटी हाती देतो. हातकागद आधी फाडायचा असतो. गिरणीच्या कागदात तंतू एका दिशेने पडतात, म्हणून तो एकीकडे सरळ आणि दुसरीकडे वेडावाकडा फाटतो. हातकागदातले तंतू चहूकडे विखुरलेले. ओल्या ब्रशने रेघ ओढावी, क्षणभर थांबावे आणि कागद दोन्ही हातांनी हळूहळू ओढावा. कडेला लव सुटते. डोंगरावरचे धुके दाखवायला ही लव पुरते.

चिकटवायला मैद्याची खळ. घरी आम्ही तिला लेई म्हणतो. ती पातळच हवी. जाड लावली की कागद सुरकुततो, पोत मरतो. नंतर चित्र वजनाखाली रात्रभर दाबून ठेवावे.

पोत डोळ्यांआधी बोटांना कळतो. बिनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी १९५७ मध्ये गेली, त्यानंतर त्यांनी कागदांचे कोलाज केले. मुलांना हे सांगून आम्ही डोळे मिटून कागद ओळखायला लावतो. बी.एड.च्या पाठटाचणात अशा तासाला रकाना नव्हता.

अवघड प्रश्न लग्नपत्रिकांचा. कागद सुरेख, पण वर बिस्मिल्ला छापलेली. तेवढा भाग अदबीने वेगळा काढून जपायचा आणि उरलेला वापरायचा, हे मुलांनीच ठरवले. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात मुस्लिम कागजी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हातकागद केला. कागदाची कदर आम्हांला कुणी बाहेरून शिकवायला नको.

राहिली मांडणी. तुकडे आधी नुसते ठेवून पाहावेत, डोळे किलकिले करून गडद-फिक्याचा तोल बघावा, मगच खळ लावावी. एक मोठा तुकडा, दोन लहान आणि भरपूर मोकळी जागा. आमची मुले उजवीकडून वाचतात, म्हणून बहुतेकांचे चित्रही उजवीकडून सुरू होते. एका स्पर्धेत परीक्षकांनी अशी मांडणी 'उलटी' ठरवली. मुलीने कारण विचारले, उत्तर मिळाले नाही.

नजर कुठून आत शिरते आणि कुठे टेकते, हे चित्र पाहणाऱ्याला कळले की मांडणी साधली, असे आम्ही मानतो. मराठी वाचणाऱ्याची नजर डावीकडून येईल, तर तिच्यासाठीही वाट हवी. म्हणून आता पूर्ण झालेले चित्र आम्ही आरशात धरतो. दोन्ही बाजूंनी ते तोलून उभे राहिले, तर पाठवतो. मात्र सुरुवात कुठून करायची, ते मुलांनाच ठरवू देतो.