हाक कोणाची?

टेलिफोन ही वस्तू एके काळी मुंबईच्या उपनगरांत नवसाने मिळावी तशी मिळत असे. मुंबईत पहिले एक्सचेंज १८८२ साली सुरू झाले. पण त्यानंतर शंभर वर्षे लोटली तरी अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील सामान्य कुटुंबाला अर्ज केल्यावर फोनसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ज्याच्या घरी तो काळा, जड फोन येई, त्याचे घर साऱ्या वाडीचे होई. नोकरीच्या अर्जावर शेजाऱ्याचा क्रमांक घालून त्यापुढे ‘पीपी’ ही अक्षरे लिहिली जात. कुवेतहून किंवा बहारीनहून मुलाचा ट्रंक कॉल आला, की शेजारचे पोर अनवाणी धावत सांगायला येई. फोन वाजणे म्हणजे कोणीतरी आपली आठवण काढणे, एवढा सरळ अर्थ तेव्हा होता. राँग नंबर लागला तरी पलीकडचा माणूस क्षमा मागून फोन ठेवी.

आज त्या घंटेचा अर्थ बदलला आहे. दुपारी नुकता डोळा लागलेला असावा, चुलीवर तेल तापलेले असावे, आणि नेमका तेव्हाच फोन वाजावा. पलीकडून कोणी कर्ज देऊ करतो, कोणी क्रेडिट कार्ड, तर कोणी कर्जतच्या बाजूचा भूखंड. शासनाने याबाबत काही केले नाही असे नाही. असे फोन नको असणाऱ्यांसाठी २००७ साली देशपातळीवर एक नोंदवही उघडण्यात आली. २०११ मध्ये ‘ट्राय’ने तिचे स्वरूप बदलले. १९०९ या क्रमांकावर आपली पसंती नोंदवता येते आणि तक्रारही करता येते. २०१८ मध्ये आणखी कडक नियम आले. विक्रीच्या फोनांसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक ठरले आणि बँकांसारख्या संस्थांच्या सेवाविषयक फोनांसाठी २०२४ मध्ये १६०० ची मालिका राखून ठेवण्यात आली. तरीही फोन थांबत नाहीत. नोंदवही अडवते ती नियम पाळणाऱ्याला; साध्या दहा आकडी क्रमांकावरून बोलणाऱ्याला तिची पर्वा नसते.

हा बोलणारा असतो तरी कोण? या प्रश्नाचे उत्तर आपल्या समाजाला फार दूर शोधावे लागत नाही. २००० नंतरच्या काळात मालाड आणि अंधेरीच्या काचेच्या इमारतींत कॉल सेंटरे उभी राहिली, तेव्हा ऑर्लेमची, मरोळची, आय. सी. कॉलनीची इंग्रजी शाळांत शिकलेली आपली कितीतरी मुले-मुली तेथे रात्रपाळीला जाऊ लागली. त्या पगारावर घराचे हप्ते फिटले, धाकट्या भावंडांची शिक्षणे झाली. अमेरिकेने २००३ साली आपल्या नागरिकांसाठी नको असलेल्या फोनांची अशीच नोंदवही उघडली. सातासमुद्रापलीकडच्या जेवणाच्या टेबलावर नकोसा वाटणारा आवाज तेव्हा कधी कधी आपल्याच धर्मग्रामातील एखाद्या मुलीचा असे. म्हणून विक्रीसाठी फोन करणाऱ्याला मी शिवी देत नाही. “मला नको आहे, धन्यवाद,” एवढे म्हणावे आणि फोन ठेवावा. नकार देण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. परंतु रोज शंभर नकार पचवून पोट भरणाऱ्या जिवाचा अपमान करण्याचा अधिकार कोणी दिला?

मात्र सर्वच आवाज असे निरुपद्रवी नसतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मिरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले आणि सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतले. तेथून अमेरिकेच्या करखात्याच्या नावाने फोन केले जात आणि अटकेची भीती घालून तिकडच्या माणसांकडून पैसे उकळले जात. दहिसरचा चेकनाका ओलांडला की मिरा रोड. म्हणजे हे आपल्या अंगणातच घडत होते. फसणारे परदेशी होते म्हणून आपण ती बातमी वाचून वर्तमानपत्राची घडी केली. पुढे तशीच भीती आपल्या उंबरठ्यावर येऊन उभी राहिली. तिचे नाव ‘डिजिटल अरेस्ट’. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही, हे २७ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘मन की बात’मधून खुद्द पंतप्रधानांना देशाला सांगावे लागले.

आमच्या गल्लीत एक वृद्ध मावशी एकट्या राहतात. मुले परदेशी. एके दिवशी त्यांना फोन आला: त्यांच्या नावाच्या पार्सलमध्ये विमानतळावर अमली पदार्थ सापडले आहेत. मग व्हिडिओवर गणवेशातला माणूस दिसू लागला. फोन बंद करायचा नाही, दार उघडायचे नाही, कोणाला सांगायचे नाही. सांगाल तर मुलांनाही अटक होईल. मावशी दुपारपासून संध्याकाळपर्यंत खुर्चीत बसून राहिल्या. बँकेचे पुस्तकही त्यांनी मांडीवर आणून ठेवले होते. रोज संध्याकाळी पवित्र जपमाळेसाठी येणारी शेजारीण नेहमीच्या वेळी आली. दार उघडेना. ती परत फिरली नाही. ठोठावत राहिली, हाका मारत राहिली. शेवटी मावशी उठल्या आणि तो धागा तुटला. पैसे वाचले. नंतर मावशी जे म्हणाल्या ते मला विसरता येत नाही: “अरे, भीती तर होतीच, पण तो सारखा मला ‘मॅडम, मॅडम’ म्हणत होता. इतका वेळ माझ्याशी कोण बोलतं?”

संत लूकच्या शुभवर्तमानात मध्यरात्री भाकरी मागायला आलेल्या मित्राचा दाखला आहे. घरातला माणूस मुलांना घेऊन निजलेला. त्याला ती हाक नकोशीच होती. पण बाहेरच्याचा चिवटपणा जिंकला. त्या संध्याकाळी शेजारणीचे ठोठावणे मावशींनाही नकोसेच वाटले असणार. जी हाक नको होती तिने तारले, आणि जी आदराने ऐकली ती बुडवायला निघाली होती. तेव्हा हाक ओळखायची कशी?

पोप बारावे पायस यांनी १९५१ साली देवदूत गाब्रिएलला दूरसंचाराचा आश्रयदाता म्हणून घोषित केले. गाब्रिएल नाझरेथला आला तोही न बोलावता. परंतु त्याच्या येण्याची रीत पाहावी. मरिया भ्याली, तेव्हा त्याने प्रथम तिची भीती घालवली. तिने प्रश्न विचारला, तेव्हा तो रागावला नाही. त्याने उत्तर दिले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याने तिला तिच्या नातलगाची, एलिझाबेथची वार्ता सांगितली. मरिया उठून तडक तिच्या घरी गेली. खरी हाक भीती कमी करते, प्रश्नाला जागा देते आणि आपल्या माणसांकडे धाडते. खोटी हाक भीती वाढवते, प्रश्न विचारू देत नाही आणि आपल्या माणसांपासून तोडते. ‘कोणाला सांगू नका’ हे शब्द कानी पडताच फोन खाली ठेवावा, मग बोलणारा स्वतःला न्यायाधीश म्हणवीत असला तरी. आणि लगेच कोणाला तरी सांगावे. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

पण ‘कोणाला तरी सांगावे’ हे लिहायला सोपे आहे. तो ‘कोणीतरी’ असायला हवा. नको असलेले फोन तोडता तोडता आपला अंगठा इतका सरावला आहे, की आईचा दिवसातला तिसरा फोन, एकाकी मामांचा लांबत जाणारा फोन, विधवा चुलतीची तीच ती गुडघ्याची कहाणी, हेही आपण त्याच यादीत ढकलतो. भामट्याला मात्र ऐकायला सवड असते. तोच त्याचा धंदा आहे. धर्मग्रामातील लहान ख्रिस्ती समूहांनी १९०९ आणि १९३० हे क्रमांक घरोघरी मोठ्या अक्षरांत अवश्य लावावेत. त्याखाली एक जागा मोकळी ठेवावी आणि तिथे शेजारच्या एका माणसाचा क्रमांक लिहावा, रात्री-अपरात्री वाजला तरी जो उचलला जाईल असा. तो क्रमांक आपला असू द्यावा.