वय झालं हो आता!

मोटारींची इंजिनं ज्या थोर माणसांनी आखली, त्यांना हात नसावेत अशी माझी फार दिवसांची समजूत आहे. डोकी होती, याबद्दल वाद नाही. पण मनुष्यप्राण्याला एक कोपर असतं, एक मनगट असतं, त्यापुढे पाच बोटं असतात आणि पुढेमागे कुणाला तरी हा सगळा ऐवज इंजिनात घालावा लागतो, याची त्यांना कुणी कल्पना दिलेली दिसत नाही.

आमच्या वडिलांच्या फियाटचं असं नव्हतं. बॉनेट उघडलं की आत इतकी ऐसपैस जागा, की जुन्या पुण्यात तेवढ्यात एक बिऱ्हाड राहिलं असतं आणि वर पोटभाडेकरू ठेवला असता. कार्बोरेटर इकडे, डिस्ट्रिब्यूटर तिकडे, डायनामो पलीकडे. मंडळी कशी पंगतीला बसल्यासारखी, प्रत्येकाला हात लावून विचारपूस करता यायची. गाडी बंद पडली की वडील बाह्या वर सारत, कार्बोरेटरच्या जेटमध्ये फुंकर मारीत, आणि गाडी लाजून चालू होई.

पुढे हवा बिघडली. म्हणजे खरोखरीचीच हवा. धुरावर बंधनं आली. २००० सालापासून एकापाठोपाठ एक कडक नियम निघाले, कार्बोरेटर सेवानिवृत्त झाला आणि त्याच्या खुर्चीवर कॉम्प्युटर येऊन बसला. आता हा गृहस्थ डबीत बंद. त्याला ना डोळे, ना कान. तेव्हा त्याने इंजिनात जागोजागी आपले बहिर्जी नाईक पेरले. पाणी किती तापलं, हवा किती आली, धुरात प्राणवायू किती उरला, सगळ्या बातम्या हे हेर पोचवणार आणि त्यावरून कॉम्प्युटर हुकूम सोडणार. या हेरांना सेन्सर म्हणतात. आणि हेराचा पहिला गुण म्हणजे तो कुणाला सापडता कामा नये. तो गुण या मंडळींनी पुरेपूर उचलला आहे.

आमची गाडी २००६ सालची. २०२४ च्या एप्रिलात तिला अठरा वर्षं पूर्ण झाली. या वयात माणसाला मतदानाचा हक्क मिळतो. गाडीला मात्र लोक "वय झालं हो आता!" म्हणतात. त्या एप्रिलात तिने एक नवीच खोड काढली. सकाळी उत्तम चालायची, पण तास-दीड तास उन्हात तापली की भर रस्त्यात गपकन बंद. ना आचका, ना गचका. चालता चालता एकदम मौन. मग चावी फिरवा, स्टार्टर आपला गुर्रगुर्र करतो, इंजिन धरत नाही. अर्धा तास झाडाखाली उभं राहावं, की जणू काही झालंच नाही अशा थाटात चालू. दाखवायला न्यावी तर तिथे खणखणीत. दातांच्या डॉक्टरांच्या पायरीवर दात दुखायचा थांबतो, तसलाच प्रकार.

एका मोठ्या, थंडगार वर्कशॉपात नेली. तिथल्या टायवाल्या मुलाने गाडीकडे न बघता हातातल्या पाटीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "सर, व्हेइकलचं एज झालंय." मग वायरिंग बदलावं लागेल, कॉम्प्युटर बदलावा लागेल, असं करत तो अडतीस हजारांवर पोचला आणि तिथे थांबून त्याने मला नव्या गाडीचं रंगीत पुस्तक दिलं.

घरी चर्चा झाली. आमची ही म्हणाली, "काढून टाका. वय झालं तिचं." वरच्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी व्याज, घसारा यांचा हिशेब मांडून सांगितलं, "वय झालं की एकेक सुरूच होतं. आज हे, उद्या ते. भंगारात द्या." मुलीने फोनवरून तेच सांगितलं. कोपऱ्यात आई जपमाळ घेऊन बसली होती. वय वर्षं चौऱ्याऐंशी. ती काहीच बोलली नाही. फक्त माळ थांबली.

रात्री मला म्हणाली, "अरे, नक्की काय झालंय रे तिला?"

"वय झालंय म्हणतात."

"वय तर झालंयच. मी विचारलं, झालंय काय?"

आता यातली गोम अशी, की आईला दुसऱ्या कुठल्या गाडीत बसता येत नाही. काहींच्या सीटा जमिनीसरशा, काहींत शिडी लावून चढायचं. या एकाच गाडीची सीट तिच्या गुडघ्यांच्या बरोब्बर उंचीची आहे. नव्वदीला टेकलेली आमची मावशी वाईला असते. अक्षय्य तृतीयेला तिच्याकडे आमरसाला जायचं दोघी बहिणींनी फोनवर पक्कं केलं होतं. आणि पुण्याहून वाईला जाताना वाटेत खंबाटकीचा घाट आहे. मे महिन्यात, भर दुपारी, घाटाच्या ऐन चढावर गाडीने मौन धरलं, तर आईला कुठल्या झाडाखाली बसवायचं?

मी आमच्या जुन्या मिस्त्रींना फोन लावला. मिस्त्री आता सत्तरीचे. त्यांच्या गॅरेजच्या जागी मुलाने मोबाइलचं दुकान थाटलंय. सगळं ऐकून ते म्हणाले, "साहेब, एक सांगा. बंद पडल्यावर स्टार्टर मारता तेव्हा फेऱ्यांच्या काट्याकडे बघितलंत का? हलतो का जरा?"

दुसऱ्या दिवशी गाडी मुद्दाम तापवली, बंद पडू दिली आणि बघितलं. काटा शून्यावर ढिम्म.

"मग क्रँकचा सेन्सर," मिस्त्री म्हणाले. "दुसरं काही नाही. पण माझा हात आता थरथरतो. तुम्ही काढा, मी सांगतो."

टायवाल्या मुलाने गाडीचं वय विचारलं होतं. मिस्त्रींनी लक्षण विचारलं. वैद्य आणि नातेवाईक यांच्यातला फरक तो हाच.

हा क्रँकचा सेन्सर म्हणजे सगळ्या हेरांचा सरदार. वस्तू बोटाएवढी. आत एक लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तारेचं वेटोळं. समोर इंजिनाबरोबर एक दातेरी चाक फिरतं. साठ दातांची जागा, पण दात अठ्ठावन्नच. दोन दात मुद्दाम पाडलेले. आमच्या काकांची बत्तिशी ओळखू येते ती पुढच्या फटीवरून. तसंच इथे. फट समोरून गेली की सेन्सर कळवतो, "झाला एक फेरा." त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कधी सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची ते ठरवतो. सेन्सर गप्प झाला, तर कॉम्प्युटरच्या मते इंजिन फिरतच नाही. मग पेट्रोल कशाला आणि ठिणगी कशाला! आमच्या सेन्सरची तार आत कुठेतरी तुटली होती. थंडीत टोकाला टोक टेकायचं, तापून फुगली की सुटायचं. वायरची शेपटी वर हाताशी येते, तिथे मीटर लावून पाहिलं. थंड असताना ८६० ओहम. तापल्यावर मीटर बोलेना. निदान झालं. नाना पेठेत सेन्सर मिळाला सातशे चाळीस रुपयांना.

शेपटी हाताशी येते म्हटलं, पण धड? ते इंजिनाच्या मागच्या अंगाला, मॅनिफोल्डच्या खाली, गिअरबॉक्सच्या डोक्यावर. म्हणजे पुढून दिसत नाही, खालून दिसत नाही, आणि वरून फक्त जिथे आहे असं सांगतात ती काळोखी जागा दिसते. कोंढाण्याचा कडा परवडला. तिथे निदान घोरपड तरी लावता यायची.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये कामाला सुरुवात केली. आई खुर्ची टाकून शेजारी बसली. काका उजेड दाखवायला आले.

उजेड दाखवणारी माणसं ही एक स्वतंत्र जात आहे. आपण जिथे बघतो तिथे ती कधीही उजेड पाडत नाहीत. त्यांना स्वतःला जिथे बघायचं असतं, तिथे पाडतात.

"आधी बॅटरी काढायला हवी," मी म्हणालो.

"ही काय, हातातच आहे," काका टॉर्च उंचावून म्हणाले.

गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. हवेच्या फिल्टरचा डबा उतरवला. मग कोपरापर्यंत हात आत घातला. हात आत गेला की डोळ्यांसमोर आपलाच दंड येतो, आणि सेन्सर होता ती फटही दिसेनाशी होते. बोटांना एक बोल्ट लागला. दहा नंबरचा. पाना बसला, पण फिरायला जागा घड्याळाच्या पाच मिनिटांएवढी. एवढंसं फिरवायचं, पाना काढायचा, पुन्हा बसवायचा, पुन्हा एवढंसं.

"एका फेऱ्याला बारा झटके," मी कण्हत म्हणालो.

"मी मोजते," आई म्हणाली आणि तिने माळ काढली. बोल्ट निघाला तेव्हा तिच्या हातात मेरुमणी आला होता. नऊ फेरे, १०८ झटके. जुन्या बाजारात घेतलेल्या त्या पान्याला इतकं पुण्य आजवर लाभलं नव्हतं.

बोल्ट निघाला, पण सेन्सर निघेना. त्याची रबरी रिंग अठरा वर्षांत भोकाला एकजीव झाली होती. ओढायची सोय नाही, ठोकायची तर नाहीच. "गंजाचं तेल सोडा आणि जेवून झोपा," मिस्त्री फोनवर म्हणाले. हा सल्ला मला सगळ्या यंत्रशास्त्रात सर्वांत पटलेला आहे. चार वाजता उठून चहा घेतला आणि सेन्सर बोटांच्या चिमटीत धरून डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे असा हळूहळू घोळवला. दुधाचा दात हलवतात तसा. अखेर तो सुटला. टोकाला चुंबकामुळे लोखंडाचा बारीक कीस मिशीसारखा चिकटलेला.

भोक फडक्याने पुसलं, नव्याच्या रिंगेला इंजिनाच्या तेलाचं बोट लावलं आणि तो दाबून पुरता बसवला. दाते आणि तो यांच्यात जेमतेम एक मिलिमीटरचं अंतर राहायला हवं, तेव्हा अर्धवट बसलेला चालत नाही. आता उरला बोल्ट. काढताना निदान तो जागेवर होता. आता तो चिमटीत धरून, न बघता, न दिसणाऱ्या भोकात लावायचा. सुटला तर गिअरबॉक्सच्या खोबणीतच जाणार. काका तीन दिशांनी उजेड पाडून थकले.

आई हळूच उठली, घरात गेली आणि कणकेची गोळी घेऊन आली. "ही बोल्टाच्या डोक्याला लाव आणि त्यावर ते तुझं गोटीसारखं घाल. पडायचा नाही. आणि डोळे मीट."

"डोळे मिटून कसं लावू?"

"मोतीबिंदू पिकला होता तेव्हा दोन वर्षं मी सुई कशी ओवत होते? दिसत नसेल तिथे बघूच नये. हाताला बघू द्यावं."

काकांना टॉर्च बंद करायला सांगितलं. डोळे मिटले. आणि काय सांगू, जो हात इतका वेळ आंधळ्यासारखा चाचपडत होता, त्याला हळूहळू सगळं उमगायला लागलं. ही कड, हा उंचवटा, हे भोक. बोल्ट टेकला, अर्धा फेरा उलटा फिरवला, आटा जुळल्याची बारीकशी 'टक्' बोटांना कळली आणि मग तो सुतासारखा सरळ गेला.

बॅटरी जोडली. चावी फिरवली. फेऱ्यांचा काटा थरथरला, उठला आणि इंजिन बोललं. दीड तास तापवलं, तरी बोलतच राहिलं. काकांनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "ठीक आहे. पण आता क्लचचं वय झालेलं दिसतंय."

अक्षय्य तृतीयेला निघालो. खंबाटकीच्या चढावर माझी नजर काट्यावर, हिची माझ्यावर. आई मागे गाढ झोपली होती. आजवर कुणी मला एवढं मोठं प्रशस्तिपत्र दिलेलं नाही.

वाईला मावशीच्या दारात सहा पायऱ्या आहेत. आई तिसरीवर थांबली, गुडघ्यावर हात ठेवून जरा टेकली. मावशी वरून म्हणाली, "सावकाश ये गं. वय झालं आता आपलं."

"वय नाही गं," आई म्हणाली. "आत कुठेतरी एक तार सुटतेय. तापलं की थांबतं, निवलं की चालतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अरे, पुढच्या वेळी नाना पेठेत जाशील तेव्हा विचारून तर बघ."