कोणता कावळा?

१९६१ साली अमेरिकेत छापून आलेला नाना प्रकारचा मजकूर जमवून ब्राउन विद्यापीठातल्या दोन अभ्यासकांनी सुमारे दहा लाख शब्दांचा एक साठा तयार केला. बातम्या, कथा, धर्मावरची पुस्तकं, सरकारी अहवाल, सगळं त्यात होतं. मग शब्द मोजले. 'द' हा एकटा शब्द जवळजवळ सत्तर हजार वेळा निघाला. शंभरांत सात. इतक्यांदा येणारा हा शब्द कशाचंच नाव नाही. त्याचं चित्र काढता येत नाही, त्याचा अर्थ मुलाला बोटानं दाखवता येत नाही. इंग्रज माणूस तो इतका हलका उच्चारतो की कान देऊन ऐकावा लागतो. आणि आयुष्यभर इंग्रजीत कामकाज केलेल्या, त्या भाषेत उत्तम वाचणाऱ्या मराठी माणसाचा हात लिहिताना थांबतो तो याच शब्दाशी.

मराठी शाळांत याला उपपद म्हणतात. 'अ' आणि 'ॲन' अनिश्चित, 'द' निश्चित. शिकवायची पद्धत ठरलेली: नियम पाठ करा, गाळलेल्या जागा भरा. नद्यांना 'द' लागतो, डोंगरांच्या रांगांना लागतो, एकट्या शिखराला लागत नाही. म्हणजे गोदावरीला आहे, कळसूबाईला नाही. सूर्य एकच, म्हणून त्याला आहे. मुलं हे सगळं चोख पाठ करतात आणि परीक्षेत गुणही मिळवतात. स्वतःच्या मनातलं एक वाक्य इंग्रजीत लिहायची वेळ आली की वहीवरून मान वर होते आणि प्रश्न येतो, "बाई, इथं द घालायचा का?" बाहेरून आणून घालायची वस्तू असल्यासारखा तो 'घालायचा' असतो. मला हा प्रश्न वर्षानुवर्षं ऐकू येतो आहे, आणि त्यात मुलांचा दोष आहे असं मला कधीही वाटलेलं नाही. आपण त्यांना सांगतच नाही की हे त्यांना आधीपासून येतं.

काऊचिऊची गोष्ट आठवा. ती सांगणारी आजी पहिल्या वाक्यात कावळ्याला 'एक' लावते, चिमणीलाही 'एक' लावते. पुढच्या वाक्यात घरांची गोष्ट निघते, तिथं 'एक' नसतो. नुसता कावळा, नुसती चिमणी. तिथं कुणी आजी पुन्हा 'एका कावळ्याचं घर' म्हणाली, तर तीन वर्षांचं पोरसुद्धा तिला अडवील: कोणता कावळा? हा दुसराच का? पहिल्यांदा भेटणारा आणि भेटून झालेला, हा फरक त्या पोराच्या कानात पक्का बसलेला असतो. इंग्रजीत पहिल्या कावळ्याला 'अ' लागेल, दुसऱ्या वेळी 'द'. आपण जिथं 'एक' गाळतो, तिथं इंग्रजी काहीतरी ठेवतं, एवढंच.

मराठी हा फरक आणखी बारीक जागांवर सांभाळते. 'तो मुलगी बघायला पुण्याला गेला' असं म्हटलं की घरात लग्नाची बोलणी चालू आहेत हे कळतं, आणि मुलगी अजून ठरलेली नाही हेही कळतं. 'तो मुलीला बघायला पुण्याला गेला' म्हटलं की ती त्याची स्वतःची लेक असते, वसतिगृहात आजारी पडलेली असेल कदाचित. रात्री कुणाच्या छातीत कळ आली की माणूस ओरडतो, "डॉक्टर बोलवा!" तेव्हा कुठलाही डॉक्टर चालतो. "डॉक्टरांना बोलवा" म्हटलं की नेहमीचे डॉक्टर, ज्यांचं घर सगळ्यांना माहीत आहे. 'ला' आणि 'ना' हे एवढेसे प्रत्यय इथं इंग्रजी उपपदाचंच काम करतात. व्याकरणाच्या तासाला आपण त्यांना विभक्तीच्या तक्त्यात बसवतो आणि पुढच्या तासाला इंग्रजीतली उपपदं परकी म्हणून शिकवतो. हे दोन तास एकमेकांशी बोलत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून मी मुलांना नियमांची यादी नंतर देते. आधी ऐकणाऱ्याकडे बघायला सांगते. तू म्हणतेस ती वस्तू कोणती, हे समोरच्याला कळलंय का? तो "कोणता?" विचारेल का? विचारण्यासारखं असेल तर 'अ'. विचारायची गरज नसेल तर 'द'. आधी उल्लेख झालेला असलाच पाहिजे असंही नाही. काल मी एका लग्नाला गेले होते आणि नवरी फार रडत होती, असं मी सांगितलं तर कुणी विचारत नाही, कोणती नवरी? लग्न म्हटलं की नवरी आलीच, आणि ती एकच. नवरीला 'द'. पण एक पाहुणा रुसला होता म्हटलं, की लगेच कान टवकारतात: कोण, कुणाकडचा? पाहुण्याला 'अ'. वस्तू एकच आहे का, यापेक्षा ती दोघांच्या मनात एकच आहे का, हे बघायचं. सूर्याला 'द' लागतो तोही त्यामुळेच. तुझा आणि माझा सूर्य वेगळा नाही.

या शब्दांची कुळंही मुलांना सांगावीत. जुन्या इंग्रजीत 'एक' या अर्थाचा शब्द होता, तो झिजून 'ॲन' झाला, आणि व्यंजनापुढे त्यातला 'न' गळून 'अ' उरला. म्हणजे आजीचा 'एक' आणि त्यांचा 'अ' मुळात एकाच कामाचे. 'द' आला 'तो, ती, ते' अशा दर्शक सर्वनामांतून. झिजताना गमतीही झाल्या. क्रिकेटमधला अंपायर एकेकाळी 'नंपायर'च्या जवळचा काही होता, फ्रेंचमधून आलेला, 'जोडीत नसलेला, तिसरा' अशा अर्थाचा. त्याच्या पुढचा 'न' लोकांनी 'अ'ला चिकटवून टाकला आणि पंच 'न'विना उरला. 'एप्रन'चंही तेच झालं. आपल्या नारिंगाचा पहिला 'न'सुद्धा पश्चिमेकडे जाताना इंग्रजीत पोचायच्या आधीच गळला. तिथल्या उपपदांनी तो खाल्ला असावा असं मानतात. उपपद कुठं संपतं आणि शब्द कुठं सुरू होतो हे बोलणाऱ्या माणसांच्या तोंडात ठरत गेलं, पुस्तकात नव्हे. आजही 'अ' की 'ॲन' हे कान ठरवतो: 'अवर'ला 'ॲन', 'युनिव्हर्सिटी'ला 'अ'. लिपीतल्या पहिल्या अक्षराकडे बघणारा तिथं हमखास फसतो.

तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल १९१८ साली युद्धविरोधी लिखाणाबद्दल ब्रिक्स्टनच्या तुरुंगात होते. तिथं त्यांनी गणिताच्या तत्त्वज्ञानावरचं एक पुस्तक लिहिलं आणि त्यातली दोन प्रकरणं 'द' या एका शब्दाला दिली, एक एकवचनासाठी, एक अनेकवचनासाठी. तत्त्वज्ञाला या शब्दात इतकं दिसलं याचं मला आश्चर्य वाटत नाही. आणि पुढं या शब्दाच्या नसण्यावरून जगात मोठा वाद झालेला दिसला. २२ नोव्हेंबर १९६७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ठराव क्रमांक २४२ संमत केला. अलीकडच्या संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायलनं सैन्य मागं घ्यावं, असं त्यात होतं. इंग्रजी मसुद्यात 'प्रदेशां'आधी 'द' नव्हता. फ्रेंच मसुद्यात जे उपपद आहे त्याचा अर्थ 'त्या प्रदेशांतून' असा होऊ शकतो. मग सगळे प्रदेश की काही? यावर अर्धशतकाहून अधिक काळ वाद चालला आहे. वादाची मुळं एका शब्दाच्या पुष्कळ खाली गेलेली आहेत हे खरंच, पण कोरी सोडलेली ती जागा मला आठवते तेव्हा वर्गातल्या गाळलेल्या जागा क्षुल्लक वाटत नाहीत.

हे सगळं एकत्र, आपल्या मातीत बघायचं तर मला अरुण कोलटकरांची 'जेजुरी' उघडावीशी वाटते. १९७६ साली आलेलं हे पुस्तक इंग्रजीत आहे, पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. मराठीतही तेवढ्याच ताकदीनं लिहिणाऱ्या कवीनं खंडोबाच्या गडावर उपपदं कशी ठेवली, हे नुसत्या अनुक्रमणिकेवरून वाचण्यासारखं आहे. 'द बस', 'द प्रीस्ट', 'द डोअरस्टेप'. आणि मग 'अ लो टेंपल', 'ॲन ओल्ड वुमन'. पहिल्याच कवितेत बसला 'द' आहे, कारण कवीनं वाचकाला आधीच तिच्यात बसवलं आहे. खिडक्यांवरची ताडपत्री वाचकाच्याही कोपराला लागते आहे, मग कोणती बस हे कोण विचारणार? बुटक्या देवळाला मात्र 'अ'. तिथं असली देवळं पावलोपावली आहेत, त्यातलं हे एक.

म्हाताऱ्या बाईच्या कवितेत उपपदच हलतं. सुरुवातीला ती 'ॲन' आहे, यात्रेच्या गावी बाही धरून मागं लागणाऱ्या कितीतरी बायांतली कुणी एक. पन्नास पैसे द्या, देऊळ दाखवते म्हणणारी. झटकून टाकावीशी. मग ती बोलते, आणि कवी तिच्या डोळ्यांतून पलीकडे बघतो. टेकड्यांना, देवळांना तडे जातात, आभाळ कोसळतं. शेवटाकडे ती पुन्हा येते तेव्हा तिच्या आधी 'द' असतो. सगळं फुटून पडलेलं आणि ती एकटी उभी. त्या 'ॲन'पासून या 'द'पर्यंत वाचकाला नेणं, हीच मला ती कविता वाटते. दुसऱ्या कुठल्या शब्दानं हे इतक्या कमी आवाजात झालं असतं असं मला वाटत नाही.

मोठ्या वर्गातल्या मुलांना मी ही कविता देते तेव्हा अर्थ सांगत बसत नाही. उपपदांखाली पेन्सिलीनं रेघा ओढायला सांगते. मग म्हणते, आता तुमच्या गावातलं एक माणूस घ्या. 'अ'नं सुरुवात करा आणि 'द'पर्यंत या. कुणी एसटीच्या कंडक्टरवर लिहितं, कुणी बाजारात भांड्यांना कल्हई लावणाऱ्यावर. एक मुलगी आजीवर लिहायला बसली आणि पहिल्या शब्दालाच अडली. "बाई, आजीला 'अ' कसा लावू? ती कधी कुणी एक नव्हतीच."

मी म्हटलं, "मग 'माय' लाव. 'माय' लागला की तिथं उपपद लागत नाही."