शिवी झालेली जमीन

आपल्यापैकी अनेकांना टी. एम. कृष्णा हे नाव २०१८ पासून ठाऊक आहे. कर्नाटक संगीतातल्या काही गायकांना ख्रिस्ती भक्तिगीते गायल्याबद्दल धमक्या आल्या, तेव्हा चेन्नईच्या या गायकाने जाहीर केले की, आपण दर महिन्याला येशूवर किंवा अल्लाहवर एक गीत प्रसिद्ध करू. आपल्या मोहल्ल्यांत या बातमीचे कौतुक झाले. मलाही आनंद झाला. पण कृष्णांनी माझ्या मनात घर केले ते त्याआधीच, जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या 'चेन्नई पोरंबोक पाडल' या गाण्याने. त्यात ना येशू आहे, ना अल्लाह. एक खाडी आहे.

'पोरंबोक' हा जुना तमिळ शब्द. नदी, तळे, किनारा, गुरचरण अशी सगळ्यांच्या वापराची, कोणा एकाच्या मालकीची नसलेली जमीन म्हणजे पोरंबोक. तिच्यावर सारा नाही. जिच्यातून सरकारला पैसा नाही तिला किंमत नाही, असे होता होता तो शब्द शिवी झाला. निकामी माणसाला आज तमिळमध्ये 'पोरंबोक' म्हणतात. उत्तर चेन्नईतल्या एन्नोरच्या खाडीचे असेच झाले. ती कोळ्यांची रोजीरोटी. तिच्याभोवती औष्णिक वीजकेंद्रे आली आणि राख पाण्यात उतरली. कबेर वासुकी यांनी चेन्नईच्या रस्त्यावरच्या बोलीत गीत लिहिले आणि कृष्णांनी ते आनंदभैरवी, बेगडा अशा रागांच्या मालिकेत गायले. ज्या गायकीला मोठ्या सभागृहांची सवय, तिच्यात त्यांनी ही शिवी अदबीने बसवली.

हे ऐकताना मला आपला सातबारा आठवला. त्यात 'पोटखराब' असा एक रकाना असतो. त्यातला 'ब' वर्ग पाहा. रस्ता, पाऊलवाट, लोकांच्या वापरातला ओढा किंवा तलाव, स्मशान आणि कब्रस्तान. यांच्यावर आकारणी नाही, म्हणून ही जमीन 'खराब'. जिथे आपले वालिदैन मातीआड झाले, जिथे आपल्यालाही जायचे आहे, ती जागा दप्तरात खराब म्हणून लिहिलेली. लिहिणाऱ्याच्या मनात अपमान नसेलही. पण शब्द आपले काम करतोच. जमिनीला खराब म्हटले की भराव टाकायला कोणाचा हात थरथरत नाही. मग तिच्या कडेला राहणारी माणसेही त्याच मापाने मोजली जातात. नाल्याकाठच्या वस्त्यांत राहणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळे सांगायला नको.

म्हणून मला वाटते, अल्लाहचे नाव घेतले एवढ्यासाठीच कृष्णांवर प्रेम करणे अपुरे आहे. तो आपला सन्मान झाला. खाडीचे गाणे आपल्याकडून काही मागते. कब्रस्तानाच्या हद्दीसाठी आपण जागे होतो, तसे शेजारच्या ओढ्यासाठी, गावाच्या गायरानासाठी होतो का?

गाण्याने खाडी वाचली, असे मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या पुरात एन्नोरच्या पाण्यावर तेल पसरले, कोळ्यांच्या होड्या आणि जाळी काळी झाली. पण त्या लोकांच्या पाण्याला शिवीऐवजी सुराने हाक मारणारा एक माणूस निघाला, हे थोडे नाही. अशी हाक आपल्या मराठीत अजून कोणी दिलेली माझ्या ऐकण्यात नाही. आपल्या तरुण शायरांपैकी कोणी 'पोटखराब' हा शब्द उचलावा, एवढी माझी दुआ आहे.